पेजेच्या वाफेतलं ब्रेक ऑइल

"ही काय वस्तू आसा, शांतारामबाब?" गुरुदास मेकॅनिक अंगणात ओरडला, तेव्हा शेवंती आत चुलीवरची पेज ढवळत होती.

"ब्रेक ऑइल. तुका काय फेणी वाटली?" तिचा नवरा शांताराम म्हणाला.

"फेणीच्या बाटलीत आसा, म्हणान विचारलंय. वर लाकडी बूच! अहो, ह्या तेल हवेतला पाणी पिता. पंपाच्या पोटात गंज धरतलो."

"तीस वर्षां डिचोलीत खाणीवर ट्रक हाकललंय. उरलेला तेल बाटलीत, बाटलीतला ट्रकात. माका शिकवतंस?"

"तो ट्रक. ह्या गाडीत विजेवरचो पंप आसा. तो दाब भरून ठेवता, त्या दाबावर तुमचो ब्रेक चलता. बरो पंप चार-पाच ब्रेकांक एकदा घर्र करता. तुमचो दोनांक एकदा करता. दर ब्रेकाक करूक लागलो काय गाडी हलवू नकात. पंप बसलो तर ब्रेक दगडासारखो, दोन्ही पाय देऊन उभे रवल्याशिवाय थांबूची नाय."

शेवंतीने खिडकीतून डोकं काढलं. "पण असो पंप टिकता किती, रे पुता?"

"दहा-बारा वर्षां, काकी. दीड-दोन लाख किलोमीटर. तेल दोन वर्षांनी बदलला तर आणखीय. पाणी पडलेला तेल आणि वर ही कोरगावची उतरण, म्हटल्यावर देवाक ठावक."

"देवाकच इचार मगे," शांताराम म्हणाला आणि बॉनेट आपटलं.

शेवंतीची पळी थांबली. त्या बाटलीला जागा तिनेच दिली होती: चुलीवरची फळी. रोज सकाळी पेजेची वाफ जाऊन बसते ती नेमकी तिथंच. माणसं बुरशी लागेल म्हणून लोणचं तिथं ठेवत नाहीत, आणि तिने सहा वर्षं ब्रेक ऑइल ठेवलं होतं. त्याच दिवशी तिने बाटली परसात ओतली. पण पोटात गेलेलं कोण काढणार? गुरुदासाने तेल बदललं. पंपही बदलायला हवा असं तो म्हणाला, ते शांतारामाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खाणी बंद पडल्यावर त्याने ही विजेवर-पेट्रोलवर चालणारी गाडी जुनी विकत घेतली होती. तिच्यातून सोमवारी आणि गुरुवारी तो सुलोचनाबाईंना रक्त धुवायला म्हापशाच्या इस्पितळात न्यायचा. सोबतीला मागे शेवंती. अर्ध्या गावाला शिकवलेल्या त्या मास्तरीणबाई वाटेत डोळे मिटून बसत आणि शेवंती बोटांची पेरं मोजत बसे. दोन ब्रेक, एक घर्र. दोन ब्रेक, एक घर्र. देवाचं नाव तिने एवढ्या नेमाने कधी मोजलं नव्हतं. शांतारामाच्या उजव्या गुडघ्याला खाणीवर मार बसलेला. साधा जिना चढताना तो भिंत धरायचा. त्या पायाने तो दगड कसा दाबणार, एवढंच तिच्या मनात फिरत राही.

दोन पावसाळे असे गेले. मग एका गुरुवारी, परत येताना, पेरं मोजायची गरजच उरली नाही. ब्रेक, घर्र. ब्रेक, घर्र.

"आयकलात?" रात्री जेवताना ती म्हणाली. "आता दर ब्रेकाक वाजता."

"तुझे कान वाजतत."

सोमवारी सुलोचनाबाई गाडीत बसल्या, तेव्हा शेवंतीने दार धरून ठेवलं. "बाई, आज तुम्ही गोकुळदासाच्या रिक्षान जावा." बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन उतरल्या. शांतारामाचं तोंड उतरलं. त्याने गुरुदासाला फोन लावला. गुरुदास म्हणाला, हलवू नकात, मी दोरी घेऊन येतंय.

"दोरी? धारगळच्या बाजारातसून म्हशीसारखी ओढीत व्हरतलंस?" शांताराम हसला. "मीच गाडी तुझ्या गॅरेजात हाडतंय."

नंतर गुरुदासाने पंप उघडला. मोटारीला वीज पोचवणारा आतला कोळशाचा तुकडा झिजून नखाएवढा उरला होता, आणि खाली गंजाची तांबडी पूड, खाणीच्या मातीसारखी. गाडी तिसऱ्या वळणाखाली काजूच्या बुंध्याला अडकलेली मिळाली होती. पुढचा भाग आत गेलेला, मागची सीट जशीच्या तशी. बाईंची उशीसुद्धा जागेवर. चुलीवरच्या फळीवर बाटलीच्या बुडाचा गोल डाग अजून आहे. घासून जात नाही.

त्या सोमवारी सकाळी निघताना मात्र शांतारामाने रोजच्यासारखी काच पुसली. पुढच्या छोट्या गणपतीला ताजी आबोली वाहिली. "पेज निवत ठेव," म्हणाला, "धा वाजता येतंय." शेजारच्या कोंबड्या वाटेवर असतात म्हणून पहिल्या वळणावर त्याने दोनदा हॉर्न दिला. शेवंती अंगणात कान देऊन उभी होती. ब्रेक, घर्र. पुढच्या वळणावर पुन्हा दोनदा हॉर्न आला. घर्र आली नाही. लांबून ऐकू येत नसेल, असं ती म्हणाली आणि पेज उतरवायला आत गेली.