करडाची विचारपूस

१९९८च्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ रोज संध्याकाळी शेळीच्या करडाशी गप्पा मारू लागला. आमचं घर शिरड शहापूरजवळच्या खेड्यात. थोडी शेती, बाकी शेळ्या-मेंढ्या. मी हिंगोलीला वर्तमानपत्रात नोकरीला होतो आणि सुट्टीवर घरी आलो होतो.

विषय करडाचा नव्हता, भावाच्या दीड वर्षाच्या मुलीचा होता. बाप जवळ आला की ती रडायची. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. आमचे वडील दिवसभर ओसरीवर बसलेले आणि भाऊ रात्री रानात मेंढ्यांजवळ. त्यामुळे बापलेकीची ओळख झालीच नव्हती.

अंगणवाडीच्या बाई घरी येऊन वहिनीला सांगून गेल्या, बापाने लेकराशी रोज बोललं पाहिजे. वहिनीने निरोप पोहोचवला.

"बाच्या समोर? लाज हाय का न्हाई?" भाऊ म्हणाला.

"करडासंग दिवसभर बोलता, तवा कुठं जाते लाज?"

"करडू काय माझं हाय?"

दुसऱ्या दिवशी वहिनीने मुलीला करडं झाकायच्या डालग्याजवळ बसवलं आणि स्वतः भाकरी करायला गेली. भाऊ थोडा वेळ घुटमळला. मग करडू मांडीवर घेऊन बसला.

"काय गं, जेवलीस का? काय खाल्लं? दात दाखव बरं."

करडाने दात दाखवले नाहीत. मुलीने दाखवले.

हे रोज चालू झालं. वडिलांनी एकदा मला विचारलं, "हा काहून करडाचे दात पाहून राहिला?"

"बाजारात न्यायचं असंल, दातावरून वय पाहत असंल."

"दूध पिणारं करडू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बसायची जागा डालग्याच्या बाजूला सरकवली.

पुढच्या आठवड्यात भावाने करडाला विचारलं, "तुहा बाबा कुठं हाय?" मुलीने भावाकडे बोट केलं. भावाने ओसरीकडे पाहिलं आणि करडू आणखी घट्ट धरलं.

वडील घसा खाकरून समोरच्या म्हाताऱ्या शेळीशी बोलले. "तुह्या धन्याला सांग, करडाला त्याची माय हाय. ते खाली ठेव अन् लेकरू घे म्हणावं. मी कवाचा वाट पाहून राहिलो."

चुलीपासून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, शेळीला काय म्हणले मामा?"

मी शब्दशः सांगितलं.

वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. भावाने करडू खाली ठेवलं आणि मुलीला उचललं. ती रडली नाही.