पेपरात गुंडाळलेल्या तीन बाटल्या

माझा थोरला भाऊ आणि मी गेली दोन वर्षं कामापुरतंच बोलतो, आणि तेही कुणीतरी मध्ये बसलेलं असलं तरच. मी त्याला दादा म्हणतो ते लहानपणाच्या सवयीनं. आदरबिदर काही नाही.

भांडण कवठे येमाईच्या दोन एकरांचं. तिथं वाइनची द्राक्षं लावायची टूम माझी. कंपनीशी करार मी केला, सह्या मी केल्या, गावभर मिरवलो मी. राबायचा मात्र दादा, कारण मी शिरूरला राहतो आणि कारखान्यात शिफ्ट करतो. हे तो मला दर खेपेला ऐकवायचा, आणि दर खेपेला माझं डोकं फिरायचं. या उन्हाळ्यात त्यानं सरळ जाहीर केलं की बाग काढायची आणि ऊस लावायचा.

"त्या द्राक्षाची दारू कुत्रंसुदिक पिणार न्हाई," तो म्हणाला.

"बाहेरच्या देशातल्या बाटलीच्या तोंडात मारील ती," मी म्हणालो. खरं तर आमच्या द्राक्षांची ती फसफसणारी वाइन मी तोवर चाखलीही नव्हती. घरात शोकेसमध्ये एक बाटली ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला.

आमच्यात भावाभावांचं बिनसलं की मामाला बोलावतात, आणि मामाचा शब्द मोडत नाहीत. मामा आले, दोघांचं ऐकलं, चहा प्याले.

"मंग पिऊन बघा की," ते म्हणाले. "पर झाकून. न्हाईतर दोघंबी आपापल्या सोयीनं बोलाल."

ठरलं ते असं. तीन बाटल्या आणायच्या. एक आमच्या द्राक्षांची, साडेसातशेची. एक इथलीच, पण दुप्पट किमतीची. तिसरी इटलीची, अडीच हजारांची. दोघांनी चाखून दहापैकी मार्क लिहायचे आणि मामांनी बेरीज करायची. आमची बाटली शेवटी आली तर बाग निघणार. महागातल्या एकीला जरी तिनं मागं टाकलं, तर एवढ्या पैशात तीच परवडली म्हणायचं आणि बाग राहणार.

मी पुण्याहून बाटल्या आणल्या. मामांनी त्या बर्फाच्या घमेल्यात गार केल्या आणि शेडमागं नेऊन जुन्या पेपरात गुंडाळल्या. ऊन लागू नये म्हणून घडाला पेपर बांधतो तसाच, घट्ट, पार मानेपर्यंत. वर मार्करनं आकडे घातले. भर दुपारी पत्र्याखाली आम्ही दोघं समोरासमोर बसलो, चहाचे काचेचे ग्लास पुढ्यात घेऊन. त्याचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून मी ग्लासातल्या बुडबुड्यांकडं बघत होतो.

आता खरं सांगतो. मी चव बघायला बसलोच नव्हतो. आपली बाटली ओळखायची आणि तिला दहापैकी दहा ठोकून द्यायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपल्या बागेचा माल आपल्याला कळणार नाही तर कुणाला?

एक नंबरची बरी लागली. सहा दिले. दोन नंबरची जिभेला लागताच तोंड वाकडं झालं. कैरी चोखावी तशी आंबट, गोडीचा पत्ता नाही. आमच्याकडं द्राक्षाचा मणी तोंडात टाकायचा आणि गोडीवर माल जोखायचा, ही लहानपणापासूनची रीत. आंबट तो कच्चा, कच्चा तो परत. दोन दिले. वर मनात म्हटलं, ही कुठली भिकार कंपनी! तीन नंबरची गोडसर, वासाला पिकल्या पेरूसारखी. हीच आपली, म्हणून मी दहाचा आकडा चांगला ठसठशीत काढला.

दादा प्रत्येक ग्लास दोनदा तोंडाला लावत होता. मला त्याचाही राग आला. म्हटलं, मोठा पारखी लागून गेला!

मामांनी कागद वाचले. दादाचे चार, नऊ, पाच. बेरीज दहा, अकरा, पंधरा. मग त्यांनी पेपर फाडले. तीन नंबरची इटलीची निघाली. दोन नंबरची आमची.

बाग एका मार्कानं वाचली होती, आणि तीही दादाच्या नवामुळं. मी आनंदी व्हायला हवं होतं. अंगाची नुसती आग आग झाली.

"तुला वळखू आली न्हाई, म्हणून दिलंस नऊ," मी खेकसलो.

"पयल्या घोटाला वळखली," दादा म्हणाला. "ह्या वाइनला द्राक्षं आंबट असतानाच तोडत्यात. तोडणीला खाऊन खाऊन दात आंबत्यात माझं. तू कवा आलायस तोडणीला?"

"मंग शून्य का न्हाई दिलंस? ऊस लावायचा व्हता ना?"

"लावायचा व्हताच. पर मामांनी चवीचं मार्क मागितलं व्हतं. चव चांगली हाय तिची." त्यानं माझा कागद उचलला, जरा लांब धरून वाचला. "तू ह्या तीन नंबरला दहा कशाचं दिलंस?"

"चवीचंच," मी म्हणालो.

मामा जमिनीकडं बघायला लागले. कागद माझ्यापुढं ठेवून दादा उठला आणि बागेला पाणी सोडायला गेला. त्याला शिव्या घालायला माझ्याकडं एकही कारण उरलं नव्हतं, म्हणून मी नुसत्याच घातल्या.