बापूंचा चेहरा आणि त्रेचाळीस फॉर्म

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरने मुख्याध्यापकांना ओळखायला नकार दिला. सर कॅमेऱ्यासमोर चष्मा लावून बसले, काढून बसले, शेवटी थोडे हसूनही बसले. पडद्यावर एकच उत्तर येत होतं : ओळख पटली नाही.

आत दहावीच्या त्रेचाळीस मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरून तयार होते. फक्त पाठवायचे राहिले होते. मुदतवाढीचाही तो शेवटचा दिवस होता, आणि वेळ पाच वाजेपर्यंत. फॉर्म गेले नाहीत तर मुलांचं वर्ष जाणार होतं.

मी वेल्हे तालुक्यातल्या या शाळेत सव्वीस वर्षं क्लार्क आहे. आदल्या दिवशीच कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे प्रोग्रॅम चालतात, तो मूळ प्रोग्रॅम. मला ती बरी वाटली होती. सुरुवातीचं बटण कोपऱ्यातून मध्ये आलं होतं, आणि दिवसभरात चार वेळा तिने विचारलं की अनुभव कसा वाटला. मी चारही वेळा ‘नंतर’ दाबलं.

चूक उद्घाटनात झाली. लागणारी मेमरी आणि कॅमेरा शाळा समितीचे अध्यक्ष बापू यांनी दिला होता. ते पाली गावचे शेतकरी. भोरहून फेटेवाला बोलावून त्यांचा सत्कार केला, नारळ दिला. तेवढ्यात पडद्यावर ‘चेहरा दाखवा’ आलं. पहिला मान पाहुण्यांचा, म्हणून सरांनी बापूंनाच खुर्चीत बसवलं. अडचणीच्या वेळी उपयोगी पडेल असा सहा आकड्यांचा पिनही बापूंनीच दाबला. तेव्हा शिष्टाचार म्हणून आम्ही सगळ्यांनी माना फिरवल्या.

त्यानंतर कॉम्प्युटर बंदच केला नव्हता. आज लाईट गेली आणि बंद झाला; लाईट आल्यावर तो कालचाच चेहरा मागत होता.

मी बापूंना फोन लावला.

“बापू, काल आकडे कोणते दाबलेत?”

“मला काय ठावं? एका हातात नारळ हुता. दुसऱ्या हाताला आलं ते दाबलं.”

“मग तुम्हालाच यावं लागेल.”

“भात झोडायला घेतलंय की हितं.”

मी गाडी काढली. तीन वाजून पाच मिनिटांनी बापू कॅमेऱ्यासमोर होते. टोपी घालून पाच वेळा, टोपी काढून पाच वेळा. दहापैकी शून्य.

“काल वळखत हुतं,” बापू म्हणाले. “काम झाल्यावर इसरलं. मान्सावानीच निघालं की.”

मी मोबाईलमध्ये सत्काराचा फोटो उघडून पाहिला. फेटा जवळजवळ भुवयांपर्यंत, कपाळाच्या उरल्या जागेत गंध, आणि हार थेट हनुवटीपर्यंत. मधे जे चार बोटं दिसत होतं, ते बापू. कॉम्प्युटरने तो सगळा ऐवज मिळून एक माणूस धरला होता.

“फेटा घरी असेल?” सरांनी विचारलं.

“सुनंनं सोडून घडी घातली. ही काय पिशवीत. तुमी शाळंत बोलिवलं, म्हनलं पुना सत्कार असंल.”

बांधणारा मात्र भोरला. एसटीने यायला त्याला दोन तास लागले असते. त्याला व्हिडिओ कॉल लावला. मोबाईलची रेंज फक्त फाटकाजवळ येते, म्हणून बापूंना तिथे स्टुलावर बसवलं. सरांनी मोबाईल धरला, मी कापड धरलं.

“साहेब, ओढून घ्या,” फेटेवाला सांगत होता. “अजून ओढा. आता ते मफलर झालं. सोडा.”

“गळा हाय माझा,” बापू म्हणाले.

तिसऱ्या खेपेला फेटा डोक्यावर टिकला. चार वाजून बावीस मिनिटं. बापूंना दोन्ही बाजूंनी धरून ऑफिसात आणलं. फेट्यासह तीन प्रयत्न केले, उपयोग नाही. सरस्वतीच्या फोटोपुढची कुंकवाची डबी आणून मी गंध लावलं. दोन प्रयत्न, नाही. मग सरांनी सरस्वतीचा हार उतरवला, फोटोला नमस्कार केला आणि हार बापूंना घातला.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी कॉम्प्युटर उघडला आणि त्याने बापूंचं स्वागत केलं.

“हलू नका,” मी म्हणालो.

“न्हाई हलत. पर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जाऊ द्या. माझी नातबी हाय त्यात.”

चार त्रेपन्नला पोच आली. मी आकडा दोनदा वाचला, मग यादीशी नावं ताडून पाहिली. त्रेचाळीस. बापूंनी तेव्हा कुठे खुर्ची सोडली.

कॉम्प्युटर उघडा होता तोवरच मी शाळेच्या नावाचं वेगळं अकाउंट तयार करून घेतलं. त्याचा पिन बंद पाकिटात, सरांच्या आणि माझ्या सहीने कपाटात ठेवला. बापूंचं अकाउंट काढून टाकू का, असं त्यांनाच विचारलं.

“काम माझ्या तोंडानं झालं, आन मलाच काडताय व्हय?”

राहू दिलं. रोज सकाळी पडद्यावर आधी त्यांचं नाव येतं, मग शाळेचं. माझ्या अनुभवाने सांगतो : नवी सिस्टीम टाकली की पाहुण्यांच्या हस्ते नारळ फोडावा. खुर्चीत मात्र रोज काम करणाऱ्याला बसवावं, आणि तेही रोजच्या कपड्यांत.