तीन कॉम्प्युटर, एक खुर्ची

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मंदाकिनी नाखवा टायपिस्ट म्हणून लागली ते साल १९९१. घर मोठागावात, खाडीला लागून. वडील ती लहान असतानाच गेले. आई आवडाबाई बाजारात मासळी विकायची. तिसऱ्या वर्षी मंदाला पोलिओ झाला आणि उजवा पाय तसाच बारीक राहिला. शाळा लांब होती, म्हणून आवडाबाई सकाळी डोक्यावर पाटी आणि कडेवर मुलगी घेऊन निघायची. आधी शाळा, मग बाजार. मुलगी कडेवर मावेनाशी झाली तेव्हा कुबडी आली.

ऑफिसात मंदाचं काम चोख होतं, पण तिचं मन तिथे रमत नव्हतं. तिचं लक्ष शेजारच्या कंट्रोल रूमकडे असायचं. रंग शिजवायची तीन मोठाली भांडी, म्हणजे रिअ‍ॅक्टर, तिथून सांभाळली जात. १९९४ मध्ये तिथल्या तापमान दाखवणाऱ्या जुन्या काट्यांच्या तबकड्या निघाल्या आणि तीन कॉम्प्युटर आले, प्रत्येक रिअ‍ॅक्टरला एक. रिअ‍ॅक्टरमधलं तापमान पडद्यावर दिसायचं आणि वाफेचा व्हॉल्व्ह तिथूनच उघडता-मिटता यायचा. मंदानं रविवारी ठाण्याला, माजिवड्याजवळच्या एका क्लासला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. कंट्रोल रूममधला एक ऑपरेटर नोकरी सोडून गेला, तशी ती सरळ मॅनेजर उत्तमराव दळवींच्या केबिनमध्ये गेली आणि ते काम मला द्या म्हणाली.

दळवींनी गोड बोलून टाळलं नाही. म्हणाले, "काम तुम्हाला जमेल, त्याबद्दल शंका नाही. पण खोली लांबलचक, आणि कॉम्प्युटर तीन टोकांना. तापमान बिघडल्याची शिट्टी झाली की धावावं लागतं."

"धावावंच लागणार नाही असं काही करता आलं तर?" मंदानं विचारलं.

दळवी हसले नाहीत. करून दाखवा, एवढंच म्हणाले.

ती इलेक्ट्रिशियन काळुरामकडे गेली. काळुराम मोहन्याचा, रोज स्कूटरवरून यायचा. कॉम्प्युटर जागचे हलवता येणार नव्हते, कारण प्रत्येकाला त्याच्या त्याच्या रिअ‍ॅक्टरकडून आलेल्या वायरींचा जाड जुडगा जोडलेला होता. पण पडदा, कीबोर्ड आणि माऊस यांना तसं बंधन नव्हतं. ऑफिसात दोन कॉम्प्युटर मिळून एकच प्रिंटर वापरत, त्यासाठी मध्ये एक छोटी पेटी होती. खुंटी फिरवली की प्रिंटर इकडचा तिकडे जोडला जायचा. काळुराम म्हणाला की तशीच पेटी आपण मोठी करू. पडदा एक, कीबोर्ड एक, माऊस एक, आणि खुंटी फिरवली की समोर हवा तो कॉम्प्युटर.

कारखाना बंद असलेल्या एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी लांब वायरी ओढून पेटी जोडली. पडद्यावर चित्र तर आलं, पण लांब वायरीमुळे प्रत्येक अक्षरामागे त्याची सावली पडत होती. ते चाललं असतं. खरी अडचण वेगळीच निघाली. खुंटी फिरवून परत यावं तर माऊस जागचा हलायचा नाही. आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला, की कीबोर्ड जोडलेला नाही अशी तक्रार करून तो तिथेच अडून बसायचा. दुपारपर्यंत काळुरामचा शर्ट घामानं भिजला. दळवी येऊन बघून गेले.

मंदाला वाटलं, संपलं. काळुरामला मात्र तसं वाटलं नाही. पुढचे काही आठवडे तो मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून विचारत फिरला. याच कामासाठी बनवलेली तयार पेटी मिळते, असं त्याला एका दुकानदारानं सांगितलं. तिच्यात खुंटीऐवजी बटणं होती आणि आत सर्किट होतं. आपला कीबोर्ड दुसरीकडे गेलाय हे ती बाकीच्या कॉम्प्युटरना कळूच देत नसे. दळवींनी ती मागवली. पहिल्याच दिवशी ती नीट चालली. मंदानं एकामागून एक तिन्ही बटणं दाबून पाहिली, पुन्हा दाबली, आणि मग खुर्चीत टेकून बसली.

दळवींनी तेव्हा विचारायचं ते विचारलं. पडद्यावर एकच दिसत असताना बाकीच्या दोघांकडे बघणार कोण? प्रश्न खरा होता. तिन्हींची शिट्टी एकसारखीच होती, म्हणून काळुरामनं बाजारातून घराच्या दाराला लावतात त्या तीन बेल आणल्या. एक टिंगटाँग करणारी, एक नुसती घर्रर्र वाजणारी आणि एक चिमणीसारखी चिवचिवणारी. ज्या रिअ‍ॅक्टरमध्ये गडबड त्याची बेल वाजायची. कंट्रोल रूममध्ये चिवचिवाट सुरू झाला की कामगार हसायचे, पण तीन नंबरला काहीतरी झालंय हे कुणाला सांगावं लागत नसे. दिवाळीनंतर मंदा त्या खुर्चीत रीतसर बसू लागली.

चार-पाच महिने चांगले गेले. मग एका दुपारी दोन नंबरची बेल वाजली, तापमान वाढू लागलं होतं. तिनं वाफ कमी केली. बेल थांबेना, म्हणून नीट पाहिलं, तर पडद्यावर तीन नंबर होता. तिन्हींची चित्रं दिसायला हुबेहूब सारखी, काळ्यावर पांढरी. बटण दाबलं असं तिला वाटलं होतं, ते दाबलंच गेलं नव्हतं. तिनं घाईनं दोन्हीकडे सुधारलं. दोन नंबर सावरला, पण तीन नंबरमधला माल फिका निघाला आणि पुन्हा शिजवायला बाजूला ठेवावा लागला.

संध्याकाळी कानावर आलं की वाफ कमी पडली असं सगळे धरून चाललेत, आणि उद्या बॉयलरवरच्या धोंडीबाला साहेबांनी बोलावलंय. धोंडीबा उतारवयाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मंदा घरी आली आणि ताटावर नुसती बसून राहिली. आवडाबाईनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. आता ती खुर्ची जाणार, हेही सांगितलं.

आवडाबाईनं ताट तिच्याजवळ सरकवलं. मग विचारलं, "सायबाला बोललीस गो?"

"नाही."

"मग उद्या जा नि बोल. आता जेव."

सकाळी धोंडीबा केबिनमध्ये जायच्या आत मंदा तिथे जाऊन उभी होती. काय झालं, कसं झालं, ते तिनं दळवींना सांगितलं. धोंडीबाचा यात संबंध नाही, हे आधी सांगितलं.

दळवींनी तिला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणूनच आले, साहेब. उद्या तिथे दुसरं कुणी बसलं तरी त्याच्या हातून हेच होईल. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसायला नकोत. प्रत्येकाचा रंग वेगळा हवा."

दळवींनी धोंडीबाला कामावर परत पाठवलं. प्रोग्राम बसवणाऱ्या ठाण्याच्या मुलांना फोन केला. आठवड्याच्या आत एक नंबरला पडदा निळा दिसू लागला, दोनला हिरवा, तीनला विटकरी. मंदाला वाटलं होतं की आपल्याला पुन्हा टायपिंगला बसवतील. दळवींनी तो विषयच काढला नाही. पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट लागल्या तेव्हा तिचं नाव कंट्रोल रूमपुढेच होतं.

धोंडीबाला काय घडलं ते कळलंच. त्या दिवसापासून दुपारचा चहा तो स्वतः तिच्या टेबलावर आणून ठेवू लागला. हळूहळू बाकीचे ऑपरेटरही आपापल्या शिफ्टला तिच्याच जागी बसायला मागू लागले. पूर्वी दिवसभर खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला पळून पाय त्यांचेही दुखायचे.

१९९८ मध्ये कारखान्याचं दुसरं युनिट उभं राहिलं. तिथल्या कंट्रोल रूमची जबाबदारी दळवींनी मंदाला दिली. रिअ‍ॅक्टर पाच, कॉम्प्युटर पाच. खोली अजून रिकामी होती, भिंतींना चुन्याचा वास होता. टेबलाचं माप घ्यायला आलेल्या सुतारानं ते कुठे नि किती उंच हवं असं काळुरामला विचारलं, काळुरामनं मंदाकडे बोट दाखवलं. ती खोलीच्या मधोमध गेली, कुबडी खाली ठेवली आणि काळुरामनं पुढे केलेल्या खुर्चीत बसून दोन्ही हात समोर धरले.

"इथे घ्या," ती सुताराला म्हणाली, "एवढ्या उंचीवर. आणि खाली पाय पसरायला जागा ठेवा."

सुतार टेप उघडून गुडघ्यावर बसला.