दुपट्ट्याखालचा हात

आमच्या मामांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस होती. चहा आणून दिला की आधी कपाचा कान हुंगायचे, मग चहा. केळं सोलून त्याच्याकडे असं पाहायचे की केळ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. एवढं झालं की नाकाचा शेंडा वर ओढून, मान एका खांद्यावर टाकून एकच शब्द म्हणायचे, "कवडी."

कवडी म्हणजे पाऊस लागून, कीड पडून पिवळा डाग धरलेला कापूस. मामा अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करतात त्या कारखान्यात, पारखी होते. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचे, पार तळातला चिमूटभर कापूस उपसायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे आणि तुटलेले तंतू अंगठ्यावर मांडून डोळ्यांजवळ न्यायचे. वरचा कापूस ते पाहायचेच नाहीत. "वरून समदेच पांढरे असतात," म्हणायचे. माल खराब असला तर कवडी आणि उत्तम असला तर "चालते." चालतेच्या वरची पायरी त्यांच्याकडे नव्हती. आयुष्यात त्यांनी कुणाला छान, सुंदर, वा असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाशी ते अमरावतीला आमच्याकडे यायचे. एसटीतून उतरायचे तेच एसटीला शिव्या देत. मग पाळीपाळीनं आमचं घर, आमचं पाणी, आमची चादर आणि माझे बाबा यांची पारख व्हायची. बाबा तहसिलीत कारकून होते, स्वभावानं गरीब. मामा त्यांच्यासमोरच आईला म्हणायचे, "जावईबापू कवडी निघाले, पण वेचून झालं, आता काय करता." बाबा पोट धरून हसायचे. आई रागवायची आणि मामांच्या ताटात दुसरी भाकरी टाकायची. ती कडेला जळली आहे हे मामांनी सांगितलं की मामा आणि बाबा दोघंही जेवायला मोकळे.

आज हे मी मजेनं सांगते आहे. तेव्हा मजा वाटत नसे. मला मामांचीच किळस यायची. त्यांच्या अंगाला सरकीचा आंबूस वास असे, मिशीला तंबाखूचा रंग चढलेला असे आणि खांद्यावरच्या मळकट दुपट्ट्यात रुईचा एखादा पुंजका कायम अडकलेला असे. शाळेतल्या मुलींनी त्यांना माझ्याबरोबर पाहू नये म्हणून मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालायची.

माझ्यापाठची शांता. ती दोन वर्षांची असताना तापात तिचा डावा हात गेला. म्हणजे होता जागच्या जागी, पण वाळक्या शेंगेसारखा, बोटं आत वळलेली. आई रोज दुपारी त्याला तेल चोळायची. शांतेला त्याचं काही वाटत नसे, वाटायचं ते आम्हाला. शाळेत फुगडीची वेळ आली की आमच्या वर्गातली नलू म्हणायची, "शी, तो हात नको बाई." मग मी पुढे व्हायची, कारण मी सख्खी बहीण. पण मीसुद्धा तो हात कधी उघडा धरला नाही. फ्रॉकची बाही खाली ओढून, कापडावरून धरायची. शांतेला हे कळत होतं. बाही ती स्वतःच ओढून द्यायची.

त्या साली शाळेत दोन खेळण्यांनी उच्छाद मांडला होता. एक आकड्यांची पाटी. तळहाताएवढ्या चौकटीत पंधरा सोंगट्या आणि एक घर रिकामं. एकेक सोंगटी सरकवत सगळे आकडे ओळीनं लावायचे. दुसरी गोळ्यांची डबी. चपटा पत्रा, वर काच, तळाला एका मांजराचं चित्र, आणि छऱ्याएवढ्या चार गोळ्या. डबी हळूहळू कलती करत दोन गोळ्या डोळ्यांत, एक नाकात आणि एक तोंडात बसवायची. तीन बसल्या की चौथीला बसवताना पहिली बाहेर. सगळी शाळा दुभंगली. पाटीवाल्यांचं म्हणणं, पाटीला डोकं लागतं, डबी काय, माकडही हलवील. डबीवाल्यांचं म्हणणं, पाटी एकदा जमली की मेली, डबी कधी मरत नाही. दोन्हीकडच्या मुली एकमेकींना चिंच देत नसत. नलू पाटीवाल्यांची म्होरकी. माझ्याकडे दोन्हीपैकी काहीच नव्हतं, त्यामुळे मी कट्टर पाटीवाली होते.

मामा आले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दोघीत मिळून एक वस्तू घेऊन देतो. काय पायजे, पाटी का डबी?"

शांतेच्या हाताला तेल चोळणं चाललं होतं. ती म्हणाली, "मले काहीबी चालते." मी लगेच म्हणाले, "पाटी. शांतीलेबी पाटीच पायजे." शांतेनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मामांनीही पाहिलं. तेवढ्यावर मी जिंकले असं मला वाटलं.

दुकान शाळेच्या रस्त्यावरच होतं. गल्ल्यावरचे शेटजी पूर्वी कापसाच्या बाजारात दलाली करत, मग म्हातारपणी खेळण्यांत पडले. मामा मला घेऊन गेले आणि म्हणाले, "दोनी दाखवा." शेटजींनी पाटी आणि डबी पुढे ठेवली. मामांनी आधी दोन्ही हुंगल्या. माझे कान गरम झाले, कारण दाराशी नलू तिच्या आईबरोबर उभी होती. मग मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, डाव्या हातावर टाकला, हात त्याच्याखाली घातला आणि पोटाशी धरून ठेवला. उजव्या हातानं पाटी उचलली.

आता वऱ्हाडात दुपट्ट्याखाली हात गेला की त्याचा एकच अर्थ. बाजारात भाव तोंडानं ठरत नसे, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरत असे, म्हणजे शेजारच्याला कळू नये. शेटजींचे डोळे चमकले. किती वर्षांनी कुणी जुन्या चालीचं गिऱ्हाईक आलं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, हात मामांच्या दुपट्ट्याखाली घातला आणि मामांची बोटं धरली.

मामा विंचू चावल्यासारखे मागे सरले. "हात काढ बाप्पा. काय करून राहिला?"

"भाव करून राहिलो ना. तुमीच तर दुपट्टा टाकला."

"मी भाव नाई करून राहिलो. मी माल पाहून राहिलो. हात काढ."

नलू आणि तिची आई हसू दाबत होत्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं आधी मामांना घ्यावं. आठदहा आण्यांच्या खेळण्यासाठी हा माणूस रुईचा सौदा करतो आहे आणि पकडला गेल्यावर नाही म्हणतो आहे. चिक्कू तर चिक्कू, वर खोटारडा.

मामांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. पाटी एका हातात धरून ते त्याच हाताच्या अंगठ्यानं सोंगटी ढकलू लागले. सोंगटी हलेना. पाटी गल्ल्यावर ठेवून ढकलली, तर सोंगटीच्या आधी पाटीच सरकली आणि काठावरून खाली पडली. उचलून त्यांनी पुन्हा ठेवली, ती पुन्हा सरकली. मी दात खाऊन म्हणाले, "मामा, दुसरा हात लावा ना." ते म्हणाले, "दुसरा हात नाई." मला वाटलं, मुद्दाम चालवलंय. चौथ्यांदा पाटी सरकल्यावर त्यांनी नाक वर ओढलं, मान टाकली आणि म्हणाले, "कवडी."

मग डबी घेतली. एका डोळ्याची पापणी अर्धी मिटून, जिभेचं टोक मिशीखाली काढून, कितीतरी वेळ ते ती उजव्या हातात कलती करत राहिले. एक गोळी बसली. दुसरी बसली. दुकानात चार माणसं जमली. तिसरी बसली आणि पहिली सुटली, तेव्हा मामांनी तिला एक शिवी दिली, पण डबी ठेवली नाही. शेवटी म्हणाले, "मांजर कवडी हाय. काच कवडी हाय. पण चालते. हे बांधून द्या."

मी घरापर्यंत रडत आले. मामांनी मला समजावलं नाही, कारणही सांगितलं नाही. समजावणं त्यांच्या जिभेवर नव्हतंच. पुढचे तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते निघाले तेव्हा आईनं डोळे वटारले तरी मी पाया पडले नाही. शाळेत मात्र नलूच्या आधी मीच सगळ्यांना सांगितलं, आमचे मामा दुकानात दुपट्ट्याखाली भाव करत होते. मुली इतक्या हसल्या की मला दोन दिवस चिंच मिळाली.

डबी शांतेकडे गेली, कारण मी त्या डबीला शिवणार नाही असं जाहीर केलं होतं. पंधरा दिवसांत शांता चारी गोळ्या बसवायला लागली. महिन्याभरात बोलता बोलता बसवायची. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती गराडा पडू लागला, आणि एक दिवस नलूच तिच्या शेजारी बसून विचारत होती, "शांते, मला शिकव ना." मी लांबून पाहिलं आणि मला नलूची किळस आली. माझी यायला अजून अवकाश होता.

सातआठ वर्षांनी अकोटहून निरोप आला की मामांवरून वारं गेलं, डावं अंग लुळं पडलं. दोन्ही चिमटीत कापूस धरून ओढणाऱ्या माणसाचा एक हातच गेला. आई तातडीनं गेली. आम्ही दोघी परीक्षा आटोपून एसटीनं गेलो. तीच शेवटची भेट.

मामा ओसरीवर बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. मिशी पांढरी झाली होती, जीभ जड, पण मामी सांगत होती, "औषधालेबी कवडी म्हनतात, डाक्तरलेबी." डाव्या हातावर दुपट्टा टाकलेला होता. तो हात उघडा पडला की मामांना त्याची किळस येई, म्हणून मामी झाकून ठेवत असे. शांता त्यांच्या पायाशी बसली, पिशवीतून ती डबी काढली आणि त्यांच्या उजव्या हातात दिली. काच एका कोपऱ्यात तडकली होती, मांजराचा रंग उडाला होता. मामांनी आधी ती हुंगली. मग एका डोळ्याची पापणी अर्धी मिटली, जिभेचं टोक मिशीखाली आलं आणि हात हळूहळू कलू लागला.

मी दारात उभी होते. डावा हात दुपट्ट्याखाली पोटाशी, उजव्या हातात डबी, अर्धी पापणी, जिभेचं टोक. हे मी आधी पाहिलं होतं. शाळेच्या रस्त्यावरच्या दुकानात, अगदी असंच. मग मला ते कळलं, एवढ्या वर्षांनी. त्या दिवशी मामा भाव करत नव्हते. आपला चांगला हात बांधून, चार माणसांत स्वतःचं हसं करून घेत, ते शांता होऊन खेळून पाहत होते. मी खोटं बोलले हे त्यांना घरीच कळलं होतं. मला चारचौघांत खोटं पाडण्यापेक्षा त्यांनी चिक्कू म्हणवून घेतलं.

मला स्वतःची शिसारी आली. नलूची शी, माझी ती ओढलेली बाही, चिंचेसाठी सांगितलेली गोष्ट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मामांना आयुष्यभर खराब मालाची किळस आली. आम्हाला किळस आली ती एका मुलीच्या हाताची.

मी जाऊन बाजेच्या कडेला बसले. दुपट्टा बाजूला केला आणि त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. थंड होता, बोटं आत वळलेली.

मामांनी डबीवरची नजर काढली नाही. जड जिभेनं म्हणाले, "झाक वं पोरी थो हात. कवडी हाय."

मी म्हटलं, "चालते, मामा."