टेक ऑन म्हणजे काय

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी वालीवच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगच्या कामासाठी मुलाखत दिली. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावं लागेल, असं मालकीणबाई म्हणाल्या. मी सांगून टाकलं, "साडेपाचला निघाल्याशिवाय मला जमणार नाही." त्यांनी माझा नंबर लिहून घेतला आणि कळवते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा इंग्रजीत मेसेज आला, की आम्ही तुम्हाला 'टेक ऑन' करायचं ठरवलंय. हा शब्द मला क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून माहीत होता. फलंदाज गोलंदाजाला टेक ऑन करतो, म्हणजे त्याच्यावर तुटून पडतो. माझं बोलणं त्यांना लागलं असणार, असं वाटलं. शेवटी धीर करून मी फोन लावला.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"अहो, कामावर घेतोय तुम्हाला. सोमवारपासून या."

"आणि साडेपाचचं?"

"ते धरूनच घेतोय."

आता तिथे नव्या बायकांना कामावर घेतल्याचं कळवायचं काम माझ्याकडे आहे. मी मेसेज न करता फोन करते आणि सरळ मराठीत सांगते.  पलीकडून हळूच प्रश्न येतो, "कधीपासून येऊ?"