आबांचे ठसे, माझे डबे

आमच्या कुसगावात पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या चपलांना दाढी फुटते आणि काडेपेटी पेटेलच याची हमी कुणी देत नाही. अशा हवेत मी शाईच्या गाद्या, रबरी शिक्के आणि लाकडी ठसे वर्षानुवर्षं ठणठणीत ठेवले आहेत. ही फुशारकी आहे, आणि मी ती फुशारकी म्हणूनच मारते आहे. उगाच विनयाचा आव आणायला मला जमत नाही.

शनिवार-रविवारी माझ्याकडे पुण्या-मुंबईची मंडळी ठसेकाम शिकायला येतात. कापडी पिशव्या, टेबलावरचे रुमाल, वाढदिवसाची कार्डं असं काहीबाही छापून नेतात. येताना महागड्या शाया घेऊन येतात आणि वर्षभरात त्या वाळवून टाकतात. एका बाईंनी तर शाईची गादी फ्रिजमध्ये ठेवली होती, टोमॅटोशेजारी. "गार राहिली की टिकते ना हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "शाई आहे बाई ती, दही नाही." जरा रागावल्या, पण पद्धत शिकून गेल्या.

पद्धत अगदी साधी आहे. गादी डब्यात नेहमी उपडी ठेवायची, म्हणजे शाई तळाशी न बसता छापायच्या अंगाला उतरते. कोरडी पडायला लागली की वर ग्लिसरीनचे थेंब सोडायचे आणि रात्रभर तिच्याकडे ढुंकून पाहायचं नाही. रबराला ऊन दाखवायचं नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच कोंडायचं नाही, कारण दोघं एकमेकांना चिकटतात आणि मग दोघंही वाया जातात. लाकडाला दर पावसाळ्याआधी जवसाचं तेल द्यायचं. आणि प्रत्येक डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले चुलीतले कोळसे ठेवायचे. ते ओल ओढून घेतात. महिन्याकाठी तव्यावर परतून घेतले की पुन्हा कामाला तयार. घरातले फराळाचे सगळे स्टीलचे डबे या कामी लागल्यामुळे दिवाळीत चिवडा पातेल्यात ठेवावा लागतो. तसा तो लवकर संपतो, हा फायदाच म्हणायचा.

या सगळ्या डब्यांत सर्वांत वरच्या फळीवर जो डबा असतो, त्यात माझ्या वडिलांचे ठसे आहेत. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. माझं माहेर टाकवे, तिथे आमची भातशेती. भादव्याच्या अवसेला आमच्याकडे बैलपोळा असतो, आणि त्या दिवशी बैलांच्या अंगावर रंगाचे ठसे उठवायची चाल आहे. कुणी पेल्याची कड रंगात बुडवून गोल उठवतो, कुणी बटाटा कापून फूल काढतो. आबांनी मात्र शिवणीच्या झाडाच्या लाकडातून ठसे कोरले होते. चांद, मोर, पंजा, आणि भाताची लोंबी. लोंबी तर अशी की दाण्याच्या टोकाचं कुसळसुद्धा वेगळं उमटायचं. मिरवणुकीत बैल लांबून दिसला तरी लोक म्हणायचे, लोंबी दिसतीय, म्हणजे बैल यांचाच.

आबा गेल्यावर दादाने जुना गोठा पाडून नवा बांधला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्या धामधुमीत ठसे एका गोणत्यात कोपऱ्यात पडले होते. चांदाला भुंगा लागायला सुरुवात झाली होती. मी दादाला विचारलं, नेऊ का? तो सिमेंट कालवणाऱ्या माणसावर ओरडत होता, त्याने हातानेच ने म्हटलं. मी नेले, साफ केले, भुंग्याची भोकं मेणाने बुजवली, तेल दिलं आणि डब्यात घातले. तेव्हापासून ते माझ्याकडे. मुलींना दागिने मिळतात तसे मला ते मिळाले आहेत, असं मी मनात धरून चालले होते.

यंदा पोळ्याच्या आधी दादाचा फोन आला.

"ठसे धड हायेत ना गं? का सडवलेस डब्यात कोंबून?"

"धड म्हणजे? नव्यासारखे आहेत."

"मंग पोळ्याला घिऊन ये. औंदा म्हाताऱ्याला आबांच्या ठशांनीच सजवायचाय."

म्हातारा म्हणजे दादाच्या जोडीतला पांढरा बैल. त्याचे गुडघे गेले होते, वैरणही पुरती खात नव्हता. हा त्याचा शेवटचा पोळा, हे दादा बोलला नाही पण मला कळलं. त्याच्या जागी नवा बैल घ्यायचा नाही, असं त्याने आधीच ठरवलं होतं. मी लगेच येते म्हटलं. मग त्याने पुढचं सांगितलं.

"आन मंग ठसे हितंच ऱ्हातील. बैलाचे ठसे गोठ्याचे असत्यात, कपाटाचे न्हाईत."

"आणि बैल नसले की? ट्रॅक्टरवर मारणार आहेस?"

"ट्रॅक्टरवर मारीन, न्हाईतर भिंतीवर मारीन. आबांचे हायेत. घरात ऱ्हातील."

घरात म्हणजे त्याच्या घरात. फोन ठेवल्यावर मला संताप आला, आणि संतापापेक्षा भीती जास्त वाटली. ठसे खराब निघाले तर दादा जन्मभर ऐकवणार. चांगले निघाले तर ठेवून घेणार. कसंही झालं तरी हरणार मीच होते. तरीही ते खराब निघावेत असं एकदाही मनात आलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पोळ्याच्या दिवशी सकाळी टाकव्याला पोचले तेव्हा भुरभुर पाऊस थांबून उघडीप झाली होती. बैल धुऊन झाले होते, आदल्या दिवशी तूप-हळद चोळलेले त्यांचे खांदे अजून पिवळे दिसत होते. वहिनी पुरण वाटायचं सोडून अंगणात आल्या. शेजारचे दोघेतिघेही आले, कारण दादाने आबांचे ठसे येणार म्हणून गावभर सांगून ठेवलं होतं. मी डबा उघडला. लाकूड मधासारखं चमकत होतं. एक चीर नाही, बुरशीचा ठिपका नाही, वास आला तो नुसता तेलाचा. शेजारच्या आजोबांनी लोंबी हातात घेऊन कुसळांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरी, कालच कोरल्यावानी हाये की गं." मी दादाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता, पण कान इकडेच होते.

वहिनींनी परातीत गेरू कालवला. दादाने लोंबी त्यात बुडवली आणि म्हाताऱ्याच्या पुठ्ठ्यावर दाबली. उचलली तर तिथे लोंबी नव्हती. लाल पाण्याचे चार ओघळ होते. पुन्हा बुडवली, पुन्हा तेच. ठसा उलटा करून पाहिला, तर गेरूचं पाणी अळूच्या पानावर पडल्यासारखं थेंब थेंब होऊन लाकडावरून घरंगळत होतं.

मला क्षणात कळलं काय झालं ते. मी त्या लाकडाला इतकी वर्षं इतक्या प्रेमाने तेल पाजलं होतं की आता त्याला पाणी शिवेना. माझ्या वर्गात लाकडी ठशांना तेलकट शाया वापरतात, त्यामुळे हा प्रश्न मला कधी आलाच नव्हता.

"ठसे राखलेस का लोणचं घातलंस ह्यांचं?" दादा म्हणाला. शेजारी हसले. वहिनी हसल्या नाहीत, म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, वन्सं. पेल्याचे गोल काढू, ते बी झ्याक दिसत्यात."

पेल्याचे गोल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांचे ठसे समोर असताना त्या बैलाच्या अंगावर चहाच्या पेल्याचे गोल उठणार, आणि तेही माझ्यामुळे. मी पदर खोचला. म्हटलं, "दादा, तू बैल धरून उभा राहा. बाकीचं मी बघते."

चुलीतली राख घेतली, चाळली, थोड्या पाण्यात कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशने ठशाच्या तोंडावर घासली. राख तेल सोडवते, भांडी घासणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. पण नुसतं तोंडच घासलं, अंगातलं तेल तसंच राहू दिलं. मग वहिनींना म्हटलं, सकाळच्या भाताची पेज आहे का? होती. टाकव्यात भाताची पेज नाही असं घर नाही. ती गेरूत घातली आणि बोटाला चिकटेल इतका रंग घट्ट केला. राहिली गादी. बुडवून ठसा उठवायचा नसतो, गादीवर टेकवून उठवायचा असतो, हे मी दर शनिवारी घसा कोरडा करून सांगते. अंगणात दादाची फाटकी घोंगडी वाळत होती. तिचा तुकडा कापला, परातीत दुमडून ठेवला आणि त्यात रंग मुरवला. घोंगडीची लोकर रंग जसा धरते तसा बाजारातली कुठलीच गादी धरत नाही.

"माझी घोंगडी!" दादा ओरडला.

"तशीही फाटकी होती," वहिनी म्हणाल्या.

आधी गोठ्याच्या भिंतीवर मारून पाहिला. लोंबी उमटली. दाणा न् दाणा सुटा, आणि कुसळं केसासारखी. आजोबा भिंतीजवळ जाऊन डोळे बारीक करून बघत राहिले. म्हणाले, "तुज्या आबाच्या येळंला बी येवढी साफ उठत नव्हती." ते खरं होतं, आणि त्याचं कारणही मला ठाऊक होतं. आबांच्या काळी रंगात बुडवताच लाकूड पाणी प्यायचं, फुगायचं, कडा तेवढ्यापुरत्या बोथट व्हायच्या. माझ्या तेलाने कडा कोरल्या दिवसासारख्या राखल्या होत्या. लोणचं म्हणा नाहीतर काही म्हणा. मी हे मोठ्याने बोलून दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग दादाने म्हाताऱ्याच्या अंगावर ठसे उठवले. खांद्याशी चांद, पुठ्ठ्यावर लोंब्यांची ओळ, पोटावर मोर. मी गादीवर रंग घालत होते आणि ठसा हातात देत होते. म्हातारा एकदाही हलला नाही. शेवटची लोंबी उठवून झाल्यावर दादा त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक गेली. हल्ली बहुतेक बैलांवर स्प्रेच्या डब्याने नावं काढलेली असतात, शर्यतीच्या बैलांवर तर पाटीच रंगवल्यासारखी. त्यांत आमचा म्हातारा लंगडत, सावकाश चालत होता, आणि लोक वळून वळून बघत होते. कुणीतरी दादाला विचारलं, ठसे कुटं मिळाले? दादा म्हणाला, "मिळत्यात कुटं? आबांचे हायेत." माझं नाव त्याने घेतलं नाही.

जेवणं झाल्यावर मी ठसे धुतले, फडक्याने टिपले, सावलीत उभे केले आणि पूर्ण सुकल्यावर वहिनींसमोर डब्यात भरले. कोळशाची पुरचुंडी तळाशी ठेवली. डबा कुठे ठेवायचा, कोळसे कधी परतायचे, तेल किती द्यायचं, सगळं वहिनींना समजावून सांगितलं. मग डबा दादासमोर ठेवला आणि पायात चपला घातल्या.

दादाने डबा उघडला, लोंबी बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. झाकण लावलं. डबा माझ्याकडे सरकवला.

"घिऊन जा त्यो. हितं उंदीर लय झाल्यात. रातीत कुरतडून टाकत्याल."

मी डबा उचलला आणि निघाले. उंदरांचं विचारलं असतं तर त्याची पंचाईत झाली असती. वहिनींच्या त्या घरात तीन मांजरं आहेत, आणि उंदीर औषधालासुद्धा सापडायचा नाही.